‘नोंद करा’ बटन दिसंना झालं: विंडोज ७, क्रोम १०९ आणि माझं नवीन सीएसएस

सकाळी सव्वासहाला फोन. दूध संस्थेतल्या ताई. "दादा, बटनच दिसंना झालंय ओ. लिटर टाकलं, फॅट टाकली, आता दाबू कुठं?" पाठीमागं किटल्यांचा आवाज, रांगेतली माणसं, कुणीतरी "आवरा की लौकर, पोराची एसटी चुकंल" म्हणत होतं. मी अंथरुणातनंच लॅपटॉप उघडला, साइट काढली, तर बटन आपल्या जागी, गडद हिरवं, वर पांढरी अक्षरं. मोबाईलवर बघितलं, तिथंपण व्यवस्थित. ताईंना रिफ्रेश करायला लावलं, कॅशे उडवायला लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला, आणि त्या सगळ्या वेळात रांग तिथंच उभी. शेवटी त्यांनी त्या सकाळचं सगळं दूध वहीत लिहून घेतलं.

आदल्या रात्री साडेअकराला मी नवीन डिझाइन चढवलं होतं. म्हणजे कारण माझ्याकडंच होतं एवढं नक्की, फक्त ते मला माझ्या कुठल्याच स्क्रीनवर दिसत नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगतो. कोल्हापूरपासून तासाभरावरचं गाव, सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. पूर्वी तिथं कॉम्प्युटरवरच चालणारं जुनं सॉफ्टवेअर होतं, मग सभासदांना मोबाईलवर आपापलं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि रक्कम बघता यावी म्हणून मी नोंदीचं काम वेबवर आणलं. दीड वर्ष विनातक्रार चाललं. तेव्हाचं सीएसएस, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणारी भाषा, साधं होतं, हेक्स कोडमधले (आकडे-अक्षरांत लिहिलेले) रंग, मांडणीसाठी फ्लेक्सबॉक्स, बस्स. पण त्यात काही बदलायचं म्हटलं की डोकेदुखी, एका हिरव्याच्या सहा छटा सहा ठिकाणी लिहिलेल्या, म्हशीची ओळ एका रंगाची, गाईची दुसऱ्या, एक बदलली की दुसरी विसरायची. म्हणून पंधरा दिवस बसून सगळं नव्यानं लिहून काढलं. आणि खरं सांगतो, सीएसएस लिहिताना एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. नेस्टिंग, म्हणजे एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं, आता सॅस हे वेगळं साधन न घेता थेट ब्राउझरमध्येच चालतं, म्हणजे कार्डाचे नियम कार्डाच्याच कंसात, होव्हर (माउस वर नेल्यावरचं रूप) तिथंच, मोठ्या स्क्रीनची मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या मापावर लागणारा नियम) सुद्धा तिथंच. रंगांसाठी ओकेएलसीएच घेतलं. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात पहिला आकडा उजेडाचा, दुसरा रंग किती दाट त्याचा, तिसरा रंग कुठला त्याचा, आणि उजेडाचा आकडा हलवला की डोळ्याला खरंच तेवढाच फिका किंवा गडद वाटणारा रंग मिळतो, हेक्ससारखं अंदाजानं चाचपडत बसावं लागत नाही. वर कलर-मिक्स, म्हणजे मूळ हिरव्यात इतके टक्के पांढरा मिसळ म्हटलं की झाली फिकी छटा तयार. सगळे रंग व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन, एका जागी.

बरं, हे काही आंधळेपणानं केलं नव्हतं. बेसलाइन म्हणून जी पद्धत २०२३ पासून आलीय ती बघूनच केलं. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांच्या चालू आवृत्तीत एखादी गोष्ट आली की ती ‘नव्यानं उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिने गेले की ‘सर्वत्र उपलब्ध’. ओकेएलसीएच सगळ्यात शेवटी फायरफॉक्स ११३ मध्ये आलं, मे २०२३, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे ३० महिने भरले. नेस्टिंग डिसेंबर २०२३ चं, त्याचे भरले नव्हते, पण दोन वर्षं झाली की आता, असं म्हणून घेतलं. माझं काम डिसेंबरात संपलं. कॅलेंडरच्या हिशोबानं रंगांबाबत तरी माझं चुकलं नव्हतं.

अकरा वाजता मी गावात पोचलो. तोवर ताईंनी स्वतःच एक वाट शोधून ठेवली होती. एंटर दाबलं की पुढच्या चौकटीत जायचं अशी सोय मीच ठेवलेली, त्यामुळं एंटरनं फॉर्म जात नव्हता, पण त्यांनी शेवटच्या चौकटीतनं टॅब दाबून बघितलं तर खाली रिकाम्या पांढऱ्या जागेभोवती एक बारीक काळी चौकट उमटली. तिथं एंटर मारलं आणि नोंद झाली. बटन तिथंच होतं. फक्त पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं आणि पाठीमागचा हिरवा रंग गायब. सकाळची वहीतली निम्मी नोंद त्यांनी तशीच, न दिसणारं बटन दाबत, चढवून टाकली होती. मला बघून म्हणाल्या, "चालतंय तसं, पण संध्याकाळी गर्दीत असं टॅब टॅब करत बसायला जमायचं न्हाई."

कॉम्प्युटर बघितला. विंडोज ७. क्रोम १०९. वर पिवळसर पट्टीत तीच सूचना, पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल. ताई ती पट्टी रोज सकाळी बंद करतात, दिवा लावल्यासारखं रोजचं काम झालंय ते.

आता १०९ हा आकडा नीट बघा, कारण सगळं दुखणं त्यात आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चे पैसे घेऊन दिले जाणारे सुरक्षा अपडेटसुद्धा १० जानेवारी २०२३ ला थांबवले आणि गूगलनं त्याच महिन्यात आलेली १०९ ही विंडोज ७ आणि ८.१ साठीची शेवटची आवृत्ती ठरवली. ओकेएलसीएच आणि कलर-मिक्स क्रोममध्ये आले १११ मध्ये, मार्च २०२३. नेस्टिंग ११२ मध्ये, एप्रिलला. म्हणजे फक्त दोन-तीन आवृत्त्यांनी, तीन महिन्यांनी हुकलं, आणि हुकलं ते कायमचंच, कारण ते मशीन आता पुढं सरकणारच नाही. बेसलाइन ‘चालू आवृत्ती’ बघून महिने मोजते. गावातल्या मशीनवरची चालू आवृत्ती जानेवारी २०२३ लाच थांबलीय, तिथं ३० महिने जावोत नाहीतर १०० जावोत. आणि हे एकट्या माझ्या कोडपुरतं नाही, टेलविंड या तयार सीएसएस संचाच्या चौथ्या आवृत्तीनं तर लिहूनच ठेवलंय की क्रोम १११, सफारी १६.४ आणि फायरफॉक्स १२८ पासून पुढं. विंडोज ७ वालं क्रोम त्या रेषेच्या दोन पायऱ्या खाली बसलेलं आहे.

मी तिथंच डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली पान तपासायची खिडकी, उघडली. आणि इथं माझा एक तास गेला, म्हणून हे सविस्तर सांगतो, दुसऱ्या कुणाचा तरी जाऊ नये. ब्राउझरला एखादी सीएसएसची ओळ कळली नाही तर तो ती सोडून देतो आणि वरची जुनी ओळ लागू होते, हे आपल्या सगळ्यांच्या हाडात बसलंय. आधी साधा रंग लिहायचा, खाली नवा लिहायचा, ज्याला नवा कळतो तो घेईल. न कळलेली ओळ डेव्हटूल्समध्ये खोडलेली दिसते, तीपण सवय. पण माझ्या बटनाची बॅकग्राउंडची ओळ खोडलेली नव्हती. अगदी स्वच्छ, लागू असल्यासारखी दिसत होती. आणि कम्प्युटेडमध्ये, म्हणजे शेवटी खरंच काय लागू झालं त्या यादीत, बघितलं तर रंगाच्या जागी चार शून्यं, पूर्ण पारदर्शक.

असं का, तर ओळीत व्हेरिएबल आहे. व्हेरिएबल असलेली ओळ ब्राउझर वाचतानाच ‘बरोबर’ धरतो, कारण आत काय निघणार ते त्याला तेव्हा माहीतच नसतं. तिच्या वरची जुनी साधी ओळ त्याच क्षणी बाद होते. नंतर व्हेरिएबलच्या जागी किंमत, म्हणजे त्यात भरलेला रंग, घालायची वेळ येते तेव्हा कळतं की आत ओकेएलसीएच आहे आणि हे आपल्याला येत नाही, पण तोवर मागं वळायची सोय संपलेली असते. मग तो त्या गुणधर्माची मूळ किंमत देतो. बॅकग्राउंडचा रंग आई-बापाकडनं, म्हणजे पानावरच्या बाहेरच्या चौकटीकडनं, वारसानं येत नाही, त्याची मूळ किंमत पारदर्शक, म्हणून बटन नाहीसं. अक्षरांचा रंग वारसानं येतो, म्हणून जिथं जिथं मी अक्षरांना व्हेरिएबलमधला हिरवा दिला होता तिथं अक्षरं मुकाट काळी होऊन बसली, वाचता येत होती, कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. बटनावरच्या अक्षरांना मात्र मी साधं व्हाइट लिहिलेलं, ते १०९ ला पक्कं कळलं. पांढरा कळला आणि हिरवा कळला नाही, एवढ्यावर रांग अडली.

पहिला उपाय मी घाईत केला तो चुकला. व्हेरिएबलच दोनदा लिहिलं, आधी हेक्स, खाली ओकेएलसीएच. काही फरक नाही. व्हेरिएबलला ब्राउझर काहीही स्वीकारतो, तो त्यातला मजकूर तपासतच नाही, म्हणून खालची किंमत नेहमी जिंकते. मग नीट केलं, रूटवर (पानाच्या मुळाशी) सगळे रंग हेक्समध्ये, आणि ओकेएलसीएचवाले रंग सपोर्ट्सच्या अटीच्या आत, म्हणजे ब्राउझरला ते येत असेल तरच तो हेक्सच्या जागी नवे घेईल. लॅपटॉपवरनं मोबाईलच्या नेटनं फाइल चढवली, ताईंनी रिफ्रेश मारलं, बटन आलं. तेव्हा साडेतीन झाले होते, संध्याकाळचं दूध पाचला सुरू होतं.

पण पान अजून बरोबर नव्हतं. रंग आल्यावर दुसरा गोंधळ दिसायला लागला. फॉर्म एका उभ्या रांगेत, मोबाईलसारखा, सभासद क्रमांक वर आणि रक्कम पार खाली स्क्रोल करून. रकमेची चौकट काठाला चिकटलेली. आणि दूध दिलेल्यांच्या यादीत एक आड एक ओळीला असलेली फिकी पट्टी नाही. हा सगळा नेस्टिंगचा प्रताप. मोठ्या स्क्रीनसाठी तीन कॉलम करायची मीडिया क्वेरी मी फॉर्मच्या कंसाच्या आत लिहिली होती, १०९ नं ती आख्खी सोडून दिली. ते समजू शकतो. रकमेच्या चौकटीचं मात्र वेगळं होतं आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. तिथं आतला फोकसचा (चौकटीत कर्सर आला की लागणारा) कंस आधी होता आणि त्याच्या खाली पॅडिंगची (काठापासूनच्या आतल्या मोकळ्या जागेची) साधी ओळ. जुना ब्राउझर न कळलेल्या गोष्टीपासून पुढच्या अर्धविरामापर्यंत सगळं टाकून देतो. आतला कंस संपला तरी अर्धविराम आलेला नसतो, तो येतो पॅडिंगच्या ओळीच्या शेवटी. म्हणजे नेस्टिंगच्या कंसानंतरची पहिली साधी ओळ त्याच्याबरोबर गिळली जाते, त्याच्या पुढच्या ओळी मात्र वाचतात. फाइलभर मी हे शोधत गेलो, पाच ठिकाणी अशी एकेक ओळ गेलेली सापडली, आणि प्रत्येक ठिकाणी दिसणारी खूण इतकी बारीक की नुसतं पान बघून कुणी म्हणणार नाही इथं काही चुकलंय.

त्या संध्याकाळी मी तिथंच थांबलो. सचिवकाकांशी बोलणं झालं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मित्राचं फोनवर म्हणणं होतं की आपण हे का झेलायचं, नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांग, विंडोज ७ इंटरनेटला जोडून ठेवणंच धोक्याचं आहे. सुरक्षेचं त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते काकांना स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "अरे बाबा, फॅट मशीनची वायर ह्याच डब्याला लागते. नव्याला लागत न्हाई म्हणून सांगितलंय." खरं होतं. मशीन जुन्या सिरियल पोर्टनं जोडलेलं, सोबतचा ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतचाच. विंडोज १० टाकावं म्हटलं तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती ह्या मशीनमध्ये नाही. म्हणजे कॉम्प्युटर बदलायचा तर फॅट मशीनपण बदलायचं, आणि तो पैसा सभासदांच्या दुधातनंच जाणार. ‘ब्राउझर अपडेट करा’ एवढं एक वाक्य आपण पानावर सहज टाकतो, त्या वाक्याचा खर्च इथं कुणाच्या खिशातनं जातो ते मी त्या दिवशी समोर बसून बघितलं.

मधला मार्ग म्हणून त्या मशीनवर फायरफॉक्स ११५ टाकून बघितला, विंडोज ७ साठी मोझिलानं तीच लांब मुदतीची आवृत्ती ठेवलीय. गंमत अशी झाली की तिथं रंग सगळे आले, कारण ओकेएलसीएच आणि कलर-मिक्स ११३ पासूनच आहेत, पण नेस्टिंग ११७ ला आलं म्हणून मांडणी तशीच मोडकी. वर आणखी एक निघालं. चुकीचा आकडा टाकला की चौकट लाल व्हायची, ती होईना. तो नियम मी स्वल्पविराम देऊन दोन सिलेक्टरना (नियम कुणाला लागू ते सांगणाऱ्या खुणांना) एकत्र लिहिला होता, एक साधा क्लास, दुसरा हॅज सिलेक्टरवाला, म्हणजे आत अमुक गोष्ट असेल तर लागणारा. हॅज फायरफॉक्समध्ये १२१ ला आला. आणि स्वल्पविरामाच्या यादीतला एक जरी सिलेक्टर कळला नाही तरी ब्राउझर आख्खा नियम टाकून देतो, म्हणजे बिचारा साधा क्लासपण गेला. क्रोम १०९ ला हॅज येतं, ते १०५ पासून आहे. एकाच मशीनवर दोन जुने ब्राउझर, आणि दोघांची दुखणी वेगवेगळी. तेवढ्यात चेअरमनच्या मुलानं आपला आयफोन ७ दाखवला, तो आयओएस १५ च्या पुढं जात नाही, आणि आयफोनवर सफारी सिस्टिमबरोबरच अडकलेली, तिथं ओकेएलसीएच आहे, पण कलर-मिक्स नाही आणि नेस्टिंगपण नाही.

माझी चीड होते ती इथं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात मी काम शिकलो. २००१ चा ब्राउझर, त्याच्या पुढचा सात नंबर यायला २००६ उजाडलं, आणि तोवर फ्लोट दिलं की मार्जिन दुप्पट, मग डिस्प्ले इनलाइन लिहून ते बसवायचं, पारदर्शक पीएनजी राखाडी दिसायच्या, झूम १ लिहिलं की काही गोष्टी आपोआप सुधारायच्या. पण तेव्हा दुखणं एक होतं आणि त्याचं नाव सगळ्यांना पाठ होतं. कंडिशनल कमेंटमध्ये (फक्त एक्सप्लोररच वाचायचा अशा टिपेत) त्याच्यासाठी वेगळी फाइल दिली की विषय संपला. आता ब्राउझर चांगले आहेत, दर महिन्याला नवीन येतात, आणि म्हणूनच जे मशीन जिथं थांबलं तिथं त्याच महिन्याचा तुकडा गोठून राहतो. क्षमतेची चौकशी करावी म्हटलं तर तीपण कधी फसवते. फ्लेक्सबॉक्समधला गॅप, म्हणजे दोन चौकटींमधलं अंतर, आठवतो का, क्रोममध्ये तो ८४ ला आला, जुलै २०२०, सफारीत १४.१ ला, पण ग्रिड या दुसऱ्या मांडणीत गॅप आधीपासूनच होता, म्हणून सपोर्ट्सनं विचारलं की गॅप येतो का तर ब्राउझर हो म्हणायचा आणि फ्लेक्समध्ये द्यायचा नाही. मी तेव्हा दोन दिवस घालवले होते.

पुढच्या आठवड्यात केलं ते असं. सगळ्यात आधी माझ्या नव्या सीएसएसमधली एकेक गोष्ट घेऊन एकच प्रश्न विचारला, ही नसली तर नोंद अडते का. हेडिंगच्या ओळी समतोल मोडणारा टेक्स्ट-रॅप बॅलन्स क्रोम ११४ चा आहे, तो नसला तर हेडिंग जरा वेडंवाकडं मोडेल, मोडू दे. पान बदलतानाचं सरकतं ट्रान्झिशन नसलं तर पान नुसतं बदलेल. ह्यांना हात लावला नाही. बटनाचा रंग, फॉर्मची मांडणी, चुकीची लाल चौकट, ह्यांच्यावर रांग थांबते, म्हणून फक्त तेवढंच धरलं. नेस्टिंग मी लिहिताना तसंच ठेवलं, पण बिल्ड होताना, म्हणजे चढवायची फाइल तयार होताना, पोस्टसीएसएस या साधनानं ते सपाट करून साध्या नियमात बदलतो, आणि कुठले ब्राउझर सांभाळायचे ते सांगणाऱ्या ब्राउझर्सलिस्टच्या फाइलीत क्रोम १०९, फायरफॉक्स ११५ आणि आयओएस १५ अशी नावं हातानं लिहिलीत. आधी तिथं नुसतं डिफॉल्ट्स होतं, आणि त्याचा हिशोब जगभराच्या वापरावर आणि शेवटच्या आवृत्त्यांवर चालतो, त्यात हे गाव कुठं दिसणार. कलर-मिक्सला बिल्डमध्ये काही करता येईना, कारण आत व्हेरिएबल असलं की त्याची किंमत पान उघडल्यावरच कळते, म्हणून जुन्या ब्राउझरसाठी लागणाऱ्या चार फिक्या छटा एकदाच काढून हेक्समध्ये लिहून टाकल्या. हॅजवाला नियम वेगळा केला. आणि बटनांना एक बारीक गडद बॉर्डर दिली, साध्या हेक्स रंगाची, व्हेरिएबल नाही, म्हणजे उद्या पाठीमागचा रंग पुन्हा कुठल्या कारणानं गेला तरी बटन कुठाय ते चौकटीवरनं कळेल.

फिक्या छटा नव्या क्रोमवर जरा उजळ दिसतात, जुन्यावर जरा मळकट. मित्राला ते खटकतं, मला नाही खटकत. म्हैस कुठली आणि गाय कुठली हे दोन्हीकडं लांबनं कळतं.

आता विंडोज ७ चं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारा दुसरा कॉम्प्युटर, माझ्याकडं कायमचं आहे, त्यात क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५, नेटपासून तोडलेलं, फक्त माझ्या सर्व्हरला जोडलेलं. काहीही चढवायच्या आधी त्यात एक आख्खी नोंद करतो, क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, बटन, पावती. आणि रात्री साडेअकराला काही चढवत नाही, दुपारी बाराला चढवतो, दोन संकलनांच्या मध्ये.

परवा ताईंचा परत फोन आला, या वेळी दुपारी. रकमेचा आकडा मोठा करा म्हणाल्या, म्हातारी माणसं काउंटरच्या पलीकडनं मान पुढं करून बघतात, त्यांना तिथनंच वाचता आला पाहिजे. फॉन्ट-साइझची एक ओळ, १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून असलेली. आधी १०९ मध्ये उघडून बघितलं, मग चढवलं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "आता आण्णा तिथनंच वाचून दावतात मला."